नागीण मेंदूपर्यंत गेली आहे का? पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट वाचताना

गेल्या दोन-तीन वर्षांत नागिणीबद्दल ओपीडीत विचारले जाणारे प्रश्न बदलले आहेत. पूर्वी पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "डॉक्टर, वेढा पूर्ण झाला तर माणूस दगावतो का?" आता टीव्हीवरच्या जाहिराती आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बातम्या पाहून लोक विचारतात, "नागिणीची लस घेतली तर म्हातारपणी स्मृतिभ्रंश होत नाही म्हणे, खरं का?"

वेढ्याचं उत्तर सोपं आहे. नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूच्या एका नसेच्या पट्ट्यात उठते, त्यामुळे वेढा सहसा पूर्ण होत नाही. क्वचित दोन्ही बाजूंना फोड आले, तरी डोकं आणि शेपूट जुळल्यामुळे कोणी मरत नाही. लसीच्या प्रश्नाचं उत्तर थोडं सविस्तर द्यावं लागतं.

शिंग्रिक्स ही लस २०२३ मध्ये भारतात पन्नाशीपुढच्या लोकांसाठी उपलब्ध झाली. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस घ्यायचे असतात. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात वेल्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेल्समध्ये २०१३ साली नागिणीची लस सुरू करताना सरकारने जन्मतारखेची सीमा घातली होती. २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळणार, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे एका आठवड्याच्या फरकाने काहींना लस मिळाली, काहींना नाही. बाकी दोन्ही गटांत तसा फरक नव्हता. पुढच्या सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी दिसलं. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पण ती लस जुनी, जिवंत विषाणू असलेली होती, आपल्याकडच्या जाहिरातीतली नव्हे. फॉरवर्ड झालेल्या मेसेजमध्ये ही ओळ नेमकी गळलेली असते. लस घ्यावी की नाही याचा विचार आधी नागीण आणि तिच्यानंतरची वेदना टाळण्यासाठी करावा. स्मृतिभ्रंशाचा फायदा मिळाला तर तो वरचा.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मागे राहते. नागिणीचा विषाणू वीस वर्षांनी मेंदूचं काय करेल यावर मथळे येतात. पण हाच विषाणू आज, या आठवड्यात, एखाद्या वॉर्डातल्या रुग्णाच्या मेंदूपर्यंत पोहोचलेला असतो, तेव्हा तो ओळखायचा कसा, यावर फारसं कोणी बोलत नाही. अमेरिकेच्या सिनेटर डायन फाइनस्टाइन यांना २०२३ च्या सुरुवातीला नागीण झाली. सुरुवातीला लोकांना एवढंच कळलं. त्यांना मेंदूदाह आणि रॅमसे हंट सिंड्रोमही झाला होता, हे त्यांच्या कार्यालयाने मे महिन्यात मान्य केलं. तोवर त्या व्हीलचेअरवरून कामावर परतल्या होत्या आणि त्यांच्यात एवढा फरक का पडला, हा प्रश्न जो तो विचारत होता. नागीण म्हणजे कातडीचा आजार, एवढंच आपल्या मनात पक्कं असतं. म्हणून त्वचा बरी झाली की आपण फाइल बंद करतो.

विषाणू कुठे लपतो आणि कुठे जातो

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जारज्जूच्या शेजारी आणि कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या पुंजक्यांमध्ये वर्षानुवर्षं झोपून राहतो. वय वाढलं, मधुमेह असला, केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलं, एचआयव्ही असला, अवयव प्रत्यारोपण झालेलं असलं, की प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडतो आणि विषाणू नसेवरून त्वचेकडे निघतो. तीच नागीण. पण नसेला दोन टोकं असतात. एक त्वचेकडे जातं, दुसरं मज्जारज्जू आणि मेंदूकडे.

तो आतल्या दिशेने गेला तर मेंदूच्या आवरणांना सूज येते (ताप, डोकेदुखी, मान आखडणे), मेंदूलाच सूज येते (असंबद्ध बोलणे, झटके, गुंगी), मज्जारज्जूला सूज येते (पायांतली ताकद जाणे, लघवी अडकणे), किंवा चेहऱ्याची एक बाजू वाकडी होऊन कानात फोड येतात. हा शेवटचा प्रकार म्हणजे रॅमसे हंट. गायक जस्टिन बीबरला २०२२ मध्ये तो झाला, तेव्हा जगभर चर्चेत आला होता.

सगळ्यांत फसवा प्रकार रक्तवाहिन्यांचा. चेहऱ्याच्या नसेच्या पुंजक्यातून काही तंतू मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडेही जातात. त्यांवरून विषाणू थेट रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतो, भिंत सुजते, वाहिनी अरुंद होते आणि रुग्णाला पक्षाघात होतो. तोही नागीण सुकून गेल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. तोपर्यंत घरात कुणाला फोड आठवतही नसतात. डोळ्याभोवती आणि कपाळावर नागीण झालेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आणि काही रुग्णांना फोड येतच नाहीत. विषाणू जागा होतो, मज्जासंस्थेत गडबड करतो, पण त्वचेवर काहीच उमटत नाही. मग निदानासाठी हाताशी उरते ती प्रयोगशाळा.

‘पीसीआर निगेटिव्ह’ हा अर्धाच निरोप आहे

कोविडने पीसीआर हा शब्द घराघरांत नेला. नमुन्यात विषाणूचं जनुकीय द्रव्य आहे का, हे ही चाचणी शोधते. नागिणीचे फोड ताजे असतील तर त्यांतल्या पाण्याचा किंवा खपलीचा पीसीआर उत्तम उत्तर देतो. फोड खरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी झांक तपासणी स्वस्त आहे, पण नागीण आणि साधं हर्पिस यांतला फरक तिला कळत नाही.

मेंदूचा प्रश्न असेल तर नमुना पाठीतून घेतलेलं पाणी असतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरणारा हा द्रव. इथे वेळेला फार महत्त्व आहे. मज्जासंस्थेची लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात पीसीआर भरवशाचा असतो. पुढे शरीर विषाणूवर मात करू लागतं, पाण्यातलं जनुकीय द्रव्य ओसरतं आणि त्याच रुग्णाचा, त्याच आजाराचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. विषाणूने केलेलं नुकसान मात्र तिथेच असतं.

रक्तवाहिन्यांच्या प्रकारात हे जास्तच दिसतं. २००८ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा ३० रुग्णांचा आढावा छापला. निदान विषाणूच्या तपासणीने पक्कं झालेले हे रुग्ण. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांना पुरळ आलंच नव्हतं. जवळपास तेवढ्यांच्याच पाठीतल्या पाण्यात पेशी वाढलेल्या नव्हत्या, म्हणजे ‘पाणी नॉर्मल’ असा शेरा मिळाला असता. पीसीआर फक्त ३० टक्के रुग्णांत पॉझिटिव्ह होता. पण त्याच पाण्यात या विषाणूविरुद्धच्या आयजीजी अँटिबॉडी ९३ टक्के रुग्णांत सापडल्या. पुरळ उठल्यापासून मज्जासंस्थेची लक्षणं दिसेपर्यंत सरासरी चार महिने गेले होते.

आकडे ३० रुग्णांचेच आहेत, त्यांना ब्रह्मवाक्य मानू नये. तरी त्यांतून निघणारी गोष्ट डॉक्टर आणि नातेवाईक दोघांच्या कामाची आहे. नागीण होऊन काही आठवडे उलटले असतील आणि पक्षाघात किंवा मज्जारज्जूच्या सुजेचा संशय असेल, तर एकट्या पीसीआरवर विसंबून आजार नाही असं म्हणता येत नाही. पाण्यातल्या अँटिबॉडी पाहाव्या लागतात.

रक्तातली अँटिबॉडी आणि पाण्यातली अँटिबॉडी

इथे एक गोंधळ वारंवार होतो. रुग्णाचा मुलगा स्वतःहून एखाद्या लॅबमध्ये रक्ताची ‘व्हॅरिसेला आयजीजी’ चाचणी करून घेतो, ती पॉझिटिव्ह येते आणि घरात घबराट पसरते. खरं तर ज्या प्रौढांना कधीतरी कांजिण्या येऊन गेल्या, त्यांच्या रक्तात ही अँटिबॉडी आयुष्यभर असते. ती आज मेंदूत काय चाललंय याबद्दल काही सांगत नाही. पन्नाशीपुढच्या माणसाने नुसती ही चाचणी करून पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पाठीतल्या पाण्यात अँटिबॉडी सापडली, तर तीही दोन वाटांनी आलेली असू शकते. एक तर रक्तातून झिरपून, नाही तर मज्जासंस्थेच्या आतच तयार होऊन. धरणाची भिंत पाझरतेय की आतच झरा आहे, असा हा प्रश्न. तो सोडवायला रक्त आणि पाणी दोन्हींतलं या अँटिबॉडीचं प्रमाण मोजतात, दोन्हींतलं एकूण आयजीजी आणि अल्ब्युमिन मोजतात आणि त्यांचं गुणोत्तर काढतात. याला अँटिबॉडी इंडेक्स म्हणतात. तो साधारण १.५ च्या वर गेला तर अँटिबॉडी आतच तयार होतेय, म्हणजे विषाणूने आत त्रास दिला आहे, असं मानतात.

यासाठी पाठीतलं पाणी काढतात त्याच दिवशी रक्ताचा नमुनाही घेतलेला हवा. साधी गोष्ट, पण घाईत राहून जाते. मग चार दिवसांनी पीसीआर निगेटिव्ह आला की पुन्हा पाठीत सुई टोचण्याची वेळ येते. अशा वेळी आधीच्या नमुन्यातलं थोडं पाणी गोठवून ठेवलेलं असलं, तर रुग्णाचा मोठा त्रास वाचतो.

या चाचणीच्याही मर्यादा आहेत. साध्या हर्पिसच्या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी नागिणीच्या चाचणीत थोड्याफार चमकू शकतात. रुग्णाला नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलेलं असेल तर आकडे बिघडतात. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत अँटिबॉडी तयारच झालेली नसते, तेव्हा पीसीआरच कामाचा.

पॉझिटिव्हसुद्धा तपासून घ्यावा लागतो

फिनलंडमध्ये १९९८ साली एक अभ्यास झाला. अंगावर नागीण असलेल्या, पण मेंदूची कोणतीही तक्रार नसलेल्या रुग्णांच्या पाठीतलं पाणी तपासलं गेलं. सुमारे ६१ टक्के लोकांच्या पाण्यात काही ना काही बदल होता, आणि काहींच्या पाण्यात विषाणूचं जनुकीय द्रव्यही सापडलं. म्हणजे नागीण चालू असताना विषाणू थोडाफार आत झिरपतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे रिपोर्टवर पॉझिटिव्ह दिसलं म्हणजे मेंदूदाह झालाच, असं नाही. रुग्ण शुद्धीवर कसा आहे, एमआरआय काय सांगतो, पेशी किती आहेत, हे सगळं एकत्र मांडून डॉक्टर ठरवतात.

आणखी एक सापळा औषधाचाच आहे. नागिणीसाठी दिलेलं असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धाला पूर्ण डोस गेला तर औषध साठतं आणि तो बरळू लागतो, त्याला भास होतात. घरच्यांना वाटतं नागीण मेंदूत गेली. अशा रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यात सहसा दाहाच्या खुणा नसतात. औषध थांबवलं, गरज पडल्यास डायलिसिस केलं की तो ताळ्यावर येतो. म्हणून क्रिएटिनिनचा साधा रिपोर्टही या प्रकरणात महागड्या चाचणीइतकाच बोलका ठरतो.

एका तासात चौदा जंतू

मोठ्या शहरांतल्या खासगी रुग्णालयांत आता ‘मेनिंजायटिस-एन्सेफलायटिस पॅनेल’ हे नाव नातेवाइकांच्या कानावर पडतं. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेलं यातलं सर्वपरिचित पॅनेल पाण्याच्या काही थेंबांत, सुमारे एका तासात, १४ जंतू शोधतं. त्यांत नागिणीचा विषाणू आहे. ही सोय खरीच मोठी आहे. दोन-तीन दिवस वाट पाहण्याऐवजी त्याच संध्याकाळी उत्तर मिळतं.

अडचण अशी की ही यादी अमेरिकेतल्या आजारांवर बेतलेली आहे. तिच्यात क्षयरोग नाही. जपानी मेंदूज्वर, डेंगी, चिकुनगुनिया, रेबीज नाहीत. विदर्भात २०१८ मध्ये ज्याने धुमाकूळ घातला तो स्क्रब टायफस नाही. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडून पुण्याच्या विषाणू संस्थेने ओळखलेला आणि २०२४ मध्ये गुजरातेत मुलांचे बळी घेणारा चांदीपुरा विषाणूही नाही. त्यामुळे "सगळे चौदा निगेटिव्ह, म्हणजे इन्फेक्शन नाही" असं कुणी सांगितलं तर तिथे थांबू नये. आपल्याकडे महिनाभर रेंगाळणाऱ्या डोकेदुखी-तापात क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो, आणि त्याची तपासणी वेगळी मागवावी लागते. शिवाय वर सांगितलेली काळाची मर्यादा या पॅनेललाही लागू आहे. तो शेवटी पीसीआरच आहे. अँटिबॉडी तो पाहत नाही.

सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, असे रुग्ण पुष्कळ असतात, ही निराशा फक्त आपल्या वाट्याची नाही. इंग्लंडमध्ये मेंदूदाहाच्या २०३ रुग्णांचा काटेकोर शोध घेतला गेला, त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. तरी ३७ टक्के रुग्णांत कारण सापडलं नाही. नागिणीचा विषाणू सुमारे ५ टक्क्यांत होता.

आपल्याकडे मेंदूज्वराच्या सरकारी यंत्रणेचा भर मुलांवर आणि जपानी मेंदूज्वरावर राहिला. त्याला कारणंही तशीच होती. पण समाज म्हातारा होतोय, मधुमेह वाढतोय, कर्करोगाचे उपचार आणि प्रत्यारोपणं जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचत आहेत. नागिणीच्या विषाणूला हवी असलेली माणसं आता मोठ्या संख्येने आहेत. कोविडमुळे अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आरटी-पीसीआरची यंत्रं आणि ती चालवणारी माणसं आली. त्याच यंत्रांवर साध्या हर्पिसची आणि नागिणीची तपासणी होऊ शकते. हवे असतात ते किट आणि मागणी. याच्यावरचं औषध जुनं, जेनेरिक आणि तुलनेने स्वस्त आहे. उपचार परवडतो आणि निदान परवडत नाही, ही उलटी परिस्थिती सुधारण्यासारखी आहे. नव्या लसीची चर्चा करताना आरोग्य खात्याने हेही पाहावं.

रुग्ण दाखल असताना

पहिली गोष्ट, उपचार रिपोर्टसाठी थांबत नाही. मेंदूदाहाचा संशय आला की डॉक्टर शिरेतून असायक्लोव्हिर सुरू करतात. ते दर आठ तासांनी, साधारण १० ते १४ दिवस चालतं. तोंडाने घ्यायच्या गोळ्या इथे पुरत नाहीत. दोन दिवसांत थोडं बरं वाटलं म्हणून "इंजेक्शन बंद करून घरी सोडा" असा आग्रह धरू नका. सलाईन आणि लघवीचं प्रमाण यावर नर्स लक्ष ठेवतात तेही मूत्रपिंडासाठीच.

पाठीतून पाणी काढायला नाही म्हणणारी कुटुंबं अजून भेटतात. पाय कायमचे जातात ही भीती त्यामागे असते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. नंतर दोन-चार दिवस डोकं दुखू शकतं. मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर आधी स्कॅन करतात. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर ते मात्र विचारण्याची वाट न पाहता सांगा.

आणि तारखा सांगा. गेल्या सहा महिन्यांत अंगावर, कपाळावर, कानात, अगदी केसांत कुठे दुखरे फोड आले होते का? केव्हा? त्यावर घरगुती लेप लावला, कुणाकडून उतरवून घेतलं, असं असेल तरी संकोच न करता सांगा, कारण डॉक्टरांना लेपाशी नाही, तारखेशी काम आहे. सुकलेल्या फोडांचे डाग असतील तर दाखवा, मोबाइलमध्ये जुना फोटो असेल तर तोही. ताप किंवा बरळणं नेमकं कोणत्या दिवशी सुरू झालं आणि पाणी कोणत्या दिवशी काढलं, हे एका कागदावर लिहून ठेवा. पीसीआर निगेटिव्ह आला आणि या दोन तारखांमध्ये आठवड्याहून जास्त अंतर असेल, तर न्यूरोलॉजिस्टना विचारा, "नागिणीच्या विषाणूचा अँटिबॉडी इंडेक्स करता येईल का? त्या दिवशीचं रक्त आणि उरलेलं पाणी लॅबमध्ये ठेवलं आहे का?"